बटण कुणी दाबलं आणि गाडी का पेटली

*ताई,*

*तुमचं सदर वर्षानुवर्षं वाचते. आपल्यावरच लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी माझ्या धाकट्या भावाला अपघात झाला. गाडी त्याची नव्हती, त्याच्या मित्राची होती. आम्ही त्याला दादाच म्हणायचो. दादानं हौसेनं एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. दोनच सीट आणि इंजिन सीटच्या मागे. आधीच्या मालकाकडे ती बरीच वर्षं नुसती झाकून उभी होती. अपघात पहाटे झाला. रस्ता रिकामा होता आणि नुकताच पाऊस पडून गेला होता. एका वळणावर गाडीचा मागचा भाग फिरला आणि गाडी झाडावर आदळली. दादा गेला. भाऊ वाचला, पण गाडीनं पेट घेतला. दार उघडेना, पट्टा सुटेना. लोकांनी ओढून काढेपर्यंत त्याचे दोन्ही पाय भाजले. उपचार अजून चालू आहेत.*

*दादाच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, गाडीच्या कंपनीवर दावा लावायचं म्हणतात. तुम्हीही आमच्याबरोबर या, वकील एकच करू, असा त्यांचा आग्रह आहे. कंपनीचा माणूस येऊन गेला. तो म्हणतो वेग जास्त होता, गाडीत काही दोष नाही. पण भावानं एका रात्री मला सांगितलं, की वळणाच्या जरा आधी दादानं डॅशबोर्डवरचं एक बटण दाबून धरलं होतं. पिवळा दिवा लागला आणि दादा म्हणाला, ‘आता बघ.’ त्याआधी भावानंच त्याला म्हटलं होतं, ‘दाखव ना, हिच्यात किती दम आहे.’ वहिनींना हे कळलं आहे. त्या म्हणतात, बटणाचं कुठे बोलू नका, कंपनी सुटेल. भाऊ आतल्या आत झुरतोय. दोष नक्की कुणाचा? गाडीचा, दादाचा की माझ्या भावाचा? आणि बटणाचं सांगायचं की नाही?*

*— एक बहीण*

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सगळ्यात सोपं आहे. बटणाचं सांगायचं. तुमच्या वकिलाला पहिल्याच भेटीत, आणि पुढे जिथे शपथेवर विचारतील तिथेही.

हे मी केवळ खरं बोलावं म्हणून सांगत नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये एअरबॅग उघडायची की नाही हे ठरवणाऱ्या डबीतच अपघाताची नोंद ठेवण्याची सोय असते. अमेरिकी नियमांनी या नोंदीचा जो साचा घालून दिला त्यात आदळण्याआधीच्या पाच सेकंदांचा वेग, ॲक्सिलरेटर किती दाबला होता, ब्रेक लावला होता की नाही, हे येतं. स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की तिला सावरणारी यंत्रणा; दादानं दाबलेलं बटण बहुधा तिचंच) चालू होता की बंद, ही नोंदही त्या यादीत आहे, अर्थात गाडी ती ठेवत असेल तर. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत अशी नोंदवही सक्तीची आहे. तुमची गाडी जुनी, तेव्हा तिच्यात यातलं किती असेल हे डबी वाचल्यावरच कळेल. पण ती वाचायला कंपनीचे इंजिनिअर बसणार, हे धरून चाला. तुम्ही जे झाकून ठेवणार आहात ते कदाचित गाडीनं आधीच लिहून ठेवलं आहे.

त्याहून मोठं कारण तुमच्या भावाचं आहे. त्या गाडीत काय झालं हे सांगणारा तो एकटाच उरला आहे. दार उघडलं नाही, पट्ट्याचं कुलूप सुटलं नाही, ज्वाळा कुठून आल्या, आदळल्यानंतर किती वेळानं आल्या, हे त्याच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. उलटतपासणीत बटणाबद्दल तो खोटं बोलला असं एकदा दिसलं, की पट्ट्याबद्दलचं त्याचं खरंही कुणी मानणार नाही. आणि माझ्या मते तुमच्या दाव्याचा सगळा जीव त्या पट्ट्यात, दारात आणि पेट्रोलच्या टाकीत आहे. बटण लपवून तुम्ही नेमकी तीच बाजू गमावाल.

असं मी का म्हणते ते सांगते. तुम्ही ‘अपघात झाला’ असं एक वाक्य लिहिलंत, पण कायद्याच्या नजरेनं तिथे दोन घटना घडल्या. गाडी रस्ता सोडून झाडावर गेली, ही पहिली. गाडी झाडावर गेल्यावर आतल्या माणसांचं काय झालं, ही दुसरी. दोन्हींची कारणं वेगळी असू शकतात आणि जबाबदार माणसंही वेगळी असू शकतात. घरात सगळे ‘दोष कुणाचा’ असं एकदाच विचारतात आणि एकच नाव काढायला बघतात, म्हणून वाद मिटत नाही.

ही विभागणी पूर्वी नव्हती. १९६६ साली अमेरिकेतल्या एका वरिष्ठ न्यायालयानं जनरल मोटर्सच्या बाजूनं निकाल देताना म्हटलं होतं, की टक्कर घेणं हा काही गाडीचा हेतू नाही. गाडी पाण्यात पडू शकते हेही कंपनीला ठाऊक असतं, म्हणून तिनं गाडीला तराफे लावून द्यावेत असं कुणी म्हणत नाही. युक्तिवाद चटकदार होता, पण टिकला नाही. दोनच वर्षांनी, १९६८ मध्ये, दुसऱ्या एका न्यायालयापुढे त्याच कंपनीच्या कॉर्व्हेअर गाडीचा खटला आला. समोरासमोर टक्कर झाली होती आणि स्टेअरिंगचा दांडा मागे सरकून चालकाच्या डोक्यावर आदळला होता. न्यायालय म्हणालं, गाड्या आदळतात हे रोज दिसतं. ते कंपनीला आधीच कळण्यासारखं आहे. तेव्हा आदळल्यावर माणसाला अवाजवी इजा होणार नाही अशी रचना करायची काळजी तिनं घ्यायला हवी. टक्कर कुणाच्या चुकीनं झाली हा प्रश्न तिथे आड आला नाही. पुढे तराफ्याचा निकाल मागे पडला आणि हा राहिला.

आता तुमची पहिली घटना घेऊ. गाडी का फिरली?

इंजिन सीटच्या मागे असलं की गाडीचं वजन मागच्या बाजूला गोळा होतं. सरळ रस्त्यावर वेग घेताना त्याचा फायदाच होतो, कारण ताकद लावणारी मागची चाकं रस्त्यावर दाबली जातात. वळणात शिरल्यावर मात्र चालक घाबरला आणि त्यानं ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलला, तर वजन पुढे ढकललं जातं, मागची चाकं हलकी होतात आणि पकड सोडतात. मग मागचा जड भाग पुढच्याला ओलांडून जायला बघतो. साधी गाडी चालवणाऱ्याच्या अंगात ‘भीती वाटली की पाय उचल’ हेच मुरलेलं असतं, आणि इथे ती सवयच घात करते. स्टॅबिलिटी कंट्रोल नेमकी ही वेळ सांभाळतो. स्टेअरिंग कुठे वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात कुठे चाललीय यांचा मेळ तो सतत घालत असतो. मेळ बसला नाही तर एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी ओळीवर आणतो. १९९५ मध्ये तो मर्सिडीजच्या गाडीतून पहिल्यांदा बाजारात आला. २०१२ पासून अमेरिकेत नव्या मोटारींना सक्तीचा आहे, युरोपात २०१४ पासून.

वेगवान गाड्यांना मात्र तो बंद करायचं बटण बहुतेक वेळा ठेवलेलं असतं. शर्यतीच्या ट्रॅकवर हौशी लोकांना गाडी मुद्दाम घसरवायची असते. बऱ्याच गाड्यांत एकदा दाबलं तर चाकं जागच्या जागी फिरू न देणारी व्यवस्था तेवढी सैल होते. काही सेकंद दाबून धरलं तरच सगळं बंद होतं. तुमच्या भावानं ‘दाबून धरलं’ असंच सांगितलं आहे. नकळत हात लागला आणि बंद झालं असं होऊ नये, म्हणून तर ते दाबून धरावं लागतं.

बटण ठेवलं म्हणून कंपनीला धरता येईल का? वकील तो मुद्दा काढेल आणि काढू दे. वेग विकणाऱ्याला वेगाचे परिणाम ठाऊक असायला हवेत, हा विचार फार जुना आहे. १९१६ साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या सर्वात वरच्या न्यायालयासमोर ब्युइक गाडीच्या लाकडी चाकाचा खटला आला. आरे कुजके निघाले आणि चाक मोडलं. ते चाक कंपनीनं बाहेरून घेतलं होतं आणि गाडी मधल्या विक्रेत्यानं विकली होती, तरी कंपनी सुटली नाही. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी निकालात नोंदवलं, की गाडी ताशी पन्नास मैल धावायला बनवली होती. चाकं मजबूत नसतील तर इजा ही जवळपास ठरलेलीच. (‘भाऊ तर नुसता शेजारी बसला होता, गाडी त्यानं विकत घेतली नव्हती’ ही शंका तुमच्या मनात असेल तर तीही काढून टाका. करार नसला तरी दावा लागतो, ही वाट याच निकालानं रुंद केली.)

तरीसुद्धा स्पष्ट सांगते. कंपनीनं यंत्रणा दिली, ती चालू ठेवून दिली, बंद करायला जाणूनबुजून काही सेकंद लागतील अशी सोय केली, आणि दादानं ओल्या सार्वजनिक रस्त्यावर ती बंद केली. हे तुमच्या पत्रात आहे तसंच असेल तर पहिल्या घटनेचा मोठा वाटा दादाच्याच पदरात पडेल. हे वाचायला कठीण जाईल, कल्पना आहे.

कंपनीला या पहिल्या घटनेत कधी धरता येतं, हे कळायला ऑडी टीटीचं उदाहरण बरं. १९९८ मध्ये ती बाजारात आली. दिसायला इतकी देखणी की लोक रस्त्यात थांबून बघायचे. त्यानंतर जर्मनीच्या महामार्गांवर भरधाव असताना लेन बदलताना किंवा वळणात पाय उचलताना मागचा भाग फिरून अपघात होऊ लागले. काहींत माणसं दगावली. दोष असल्याचं कंपनीनं कबूल केलं नाही, पण १९९९च्या अखेरीला गाड्या परत बोलावायचं ठरवलं. सस्पेन्शन बदललं, मागे एक छोटा पंख बसवला आणि स्टॅबिलिटी कंट्रोल घातला. तिथे अनेक वेगवेगळे चालक, सारखाच प्रसंग आणि सारखीच घसरण होती. असं सारखेपण दिसलं की बोट रचनेकडे वळतं. म्हणून तुमच्या वकिलाला पहिल्याच आठवड्यात विचारा, याच मॉडेलचे असेच अपघात आणखी कुठे झाले आहेत का, आणि चॅसिस नंबरवर गाडी परत बोलावल्याची काही सूचना होती का. २०१० मध्ये फेरारीनं ४५८ इटालिया या मॉडेलच्या १,२४८ गाड्या परत बोलावल्या होत्या. चाकावरच्या कमानीतलं उष्णतारोधक कवच ज्या गोंदानं चिकटवलं होतं तोच तापून पेट घ्यायचा. गोंद काढून स्क्रू-रिव्हेटसारखी जोडणी केली. एवढ्या महागड्या गाडीत गोंद! तुमच्या गाडीच्या मॉडेलबाबत अशी सूचना निघालेली असेल आणि आधीच्या मालकानं ते काम करून घेतलं नसेल, तर दाव्यात तोही एक पक्ष होईल.

दुसऱ्या घटनेकडे येण्याआधी एक काम सांगते, ते तुम्हाला स्वतःला करता येईल. गाडीचा सांगाडा जिथे ठेवला आहे तिथे जा आणि न जळलेल्या टायरपाशी खाली बसा. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ कोरलेली असते. तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१४ असतील तर तो टायर २०१४च्या तेविसाव्या आठवड्यातला. ओळ पूर्ण दिसत नसेल तर ती टायरच्या आतल्या बाजूला असते, टॉर्च घेऊन वाकावं लागतं. उभ्या गाडीचा टायर झिजत नाही, नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर आतून कडक होत जातं. कडक रबराला ओला रस्ता धरवत नाही. ‘बरीच वर्षं झाकून उभी होती’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि मी तिथेच थबकले.

कारण हे याआधी एकदा जगानं पाहिलं आहे. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता क्लॅरिटा इथे पोर्शे करेरा जीटी ही गाडी खांबावर आणि झाडांवर आदळून पेटली. सहाशेहून जास्त अश्वशक्तीचं दहा सिलिंडरांचं इंजिन मध्यभागी, आणि स्टॅबिलिटी कंट्रोल मुळातच नाही. गाडी रॉजर रोडास चालवत होते. शेजारी अभिनेते पॉल वॉकर होते. दोघेही गेले. तपासात वेग ताशी ८० ते ९३ मैल निघाला, म्हणजे १३० ते १५० किलोमीटर. तिथली मर्यादा होती ४५ मैल. टायर नऊ वर्षांचे होते. यंत्रात बिघाड सापडला नाही.

पुढे एकाच गाडीवरून वेगवेगळे दावे लागले आणि त्यांची वाट वेगळी झाली. हे वहिनींना वाचून दाखवा. चालकाच्या पत्नीनं लावलेला दावा २०१६ मध्ये न्यायाधीशांनी ज्युरीपुढे न जाताच फेटाळला. कंपनीच्या दोषामुळे मृत्यू झाला असं दाखवणारा पुरेसा ग्राह्य पुरावा नाही, असं कारण दिलं. शेजारी बसलेल्या वॉकर यांच्या मुलीचा दावा वेगळ्या सुरात होता. त्यातही स्टॅबिलिटी कंट्रोल नसल्याची तक्रार होती, पण मुख्य भर होता तो आदळल्यानंतरच्या क्षणांवर. पट्ट्याच्या रचनेनं ते सीटला जखडले गेले आणि इंधनाच्या नळ्या तुटल्यावर आपोआप बंद होतील अशा नव्हत्या, असं तिचं म्हणणं होतं. गाडीचा गैरवापर झाला आणि तिच्यात फेरफार केले गेले, असं कंपनीनं उत्तर दिलं. तो दावा २०१७ मध्ये तडजोडीनं मिटला. अटी गुप्त राहिल्या. तडजोड झाली म्हणजे दोष सिद्ध झाला असं नाही, हे विसरू नका. पण कुठला युक्तिवाद तग धरून राहिला, ते दिसतं.

तुमच्या भावाचे पाय वेगानं भाजले नाहीत, आगीनं भाजले. आग का लागली, टाकी कुठे फाटली, नळी कुठे तुटली, पट्ट्याचं बटण दाबल्यावर जीभ बाहेर का आली नाही, दाराची कडी वाकली की विजेवर चालणारं कुलूप वीज गेल्यामुळे अडकलं, हे सगळे प्रश्न कंपनीला विचारण्याजोगे आहेत. कंपनी उलट म्हणेल, इतक्या वेगानं झाडावर गेल्यावर कुठलीच गाडी शाबूत राहत नाही. त्यातही तथ्य आहे. वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते, आणि ती कुठे जिरवायची यालाही मर्यादा असते. त्यामुळे खरा वेग किती होता हे इथेही लागेल. मात्र इथे तो दादाला दोषी ठरवायला नाही, गाडीनं काय सोसायला हवं होतं हे ठरवायला लागेल.

या सगळ्याचा हिशेब शेवटी टक्क्यांत होतो. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच एका शर्यतीच्या ट्रॅकवर हौशी लोकांच्या कार्यक्रमात आणखी एक करेरा जीटी भिंतीवर आदळली. दुसरी गाडी हळू वेगानं ट्रॅकवर आली, तिला चुकवताना चालकाचा ताबा सुटला. चालक आणि शेजारी दोघेही गेले. शेजारी बसलेल्याच्या कुटुंबाला सुमारे ४५ लाख डॉलरची भरपाई मिळाली. तिचे वाटे असे पडले: ट्रॅक आणि कार्यक्रम भरवणारा क्लब मिळून ४९ टक्के, चालकाची मालमत्ता ४१, गाडीची कंपनी ८ आणि मध्ये आलेल्या गाडीचा चालक २. कंपनीचा वाटा तिथे आठच टक्के निघाला, आणि ट्रॅक चालवणाऱ्यांचा कुणाच्या मनातही आला नसेल इतका निघाला. तुमच्या वळणाजवळचं ते झाड रस्त्याच्या किती जवळ होतं, पाणी साचत होतं का, सूचनाफलक होता का, हेही कुणीतरी बघायला हवं.

आता तुमचा भाऊ. ‘दाखव ना, हिच्यात किती दम आहे’ हे वाक्य त्याच्या डोक्यात फिरतंय. कंपनीचा वकील ते वाक्य वापरेल का? कळलं तर नक्की वापरेल. धोका माहीत असून बसला, उलट उकसवलं, असं म्हणेल. त्यातून त्याच्या भरपाईतून काही टक्के कापले जाऊ शकतात. पट्टा लावलेला होता, हे त्याच्या बाजूचं. पण वेगवान गाडीत पहिल्यांदा बसलेला कुठला माणूस हे वाक्य म्हणत नाही? पाय दादाचा होता, बटणावरचा अंगठा दादाचा होता, आणि नाही म्हणायची मुभाही दादालाच होती. भावानं हे वाक्य तुमच्याजवळ बोलून टाकलं ते बरं केलं. मानसोपचारतज्ज्ञापाशीही बोलू दे. जखमेचं ड्रेसिंग चालू आहे, तसंच हेही उपचारात धरा. आणि त्याला सगळं आठवतंय तसं वकिलासाठी लिहून काढायला सांगा, तारीख घालून, स्वतःच्या अक्षरात. ‘मला वाटतं’ आणि ‘मी पाहिलं’ हे वेगवेगळं ठेवून. सहा महिन्यांनी त्याची आठवण लोकांच्या बोलण्यात मिसळून जाईल.

वहिनींबरोबर एकच वकील करू नका. यात भांडणाचा प्रश्न नाही. त्यांचं हित आणि तुमच्या भावाचं हित एका ठिकाणी आडवं येतं. दादाचा वाटा जितका कमी ठरेल तितकं त्यांना बरं, आणि भावाला मात्र दादाच्या वाट्यातूनही भरपाई मागता येते. दोन्ही टोकांना एकच वकील प्रामाणिकपणे उभा राहू शकत नाही. चांगला वकील स्वतःच नाही म्हणेल.

तुम्हाला खरी भीती इथेच वाटत असणार, की भावानं दादावर दावा लावला तर वहिनींच्या घरावर जप्ती येईल. बहुतेक ठिकाणी अशी रक्कम आधी गाडीच्या विमा कंपनीकडे मागितली जाते. दाव्यावर दादाचं नाव असतं, पैसे विमा देतो. पॉलिसीत शेजारी बसलेल्या माणसाला संरक्षण आहे का, किती रकमेपर्यंत, आणि शर्यत किंवा कसरत यांची काही अट आहे का, हे आधी वाचून घ्या. विम्याच्या रकमेपलीकडे जायचं की नाही हे तुमच्या हातात राहतं, आणि तसं वहिनींना तोंडानं सांगता येईल. नोटीस त्यांच्या दारात जाण्याआधी तुम्ही जा. पोस्टमनच्या हातून कळलं तर नातं तुटेल.

आता घाईचं काम. सांगाडा हलू देऊ नका. माझ्याकडे एक कुटुंब आलं होतं, अशाच प्रकरणात. विम्याचे पैसे मिळाले म्हणून त्यांनी भंगाराच्या कागदावर सही केली होती. आम्ही गोदामात पोचलो तेव्हा तिथे जमिनीवर तेलाचा काळा डाग आणि काचेचा चुरा उरला होता. पट्ट्याचं कुलूप सदोष होतं असं त्यांच्या मुलीचं म्हणणं, आणि मला ते आजही खरं वाटतं. पण कुलूपच नाही तर तज्ज्ञ तपासणार काय? प्रकरण तिथेच संपलं. तेव्हा आजच विमा कंपनीला, गोदामवाल्याला आणि गाडीच्या कंपनीला लेखी कळवा, की गाडी आहे तशी राहू द्यावी, तपासणी सगळ्यांच्या समोर होईल. बॅटरी जोडून ‘बघू तरी डबीत काय आहे’ असं कुणालाही करू देऊ नका. वीज दिली की नोंद बिघडण्याची भीती असते. भावाचे त्या दिवशीचे कपडे, बूट, कापलेला पट्टा रुग्णालयात कुणी पिशवीत भरून दिला असेल तर न धुता तसाच ठेवा. पट्ट्याच्या विणीवर ताणाच्या खुणा राहतात आणि तो खरंच लावलेला होता हे त्यावरूनच कळतं.

कंपनीचा माणूस पुन्हा आला तर चहापाणी करा, सही करू नका. ‘सर्व संबंधितांविरुद्धचे सर्व दावे मिटले’ अशा अर्थाची एक ओळ कुठल्या तरी कागदात असते. विम्याच्या साध्या पावतीतही असू शकते.

मुदतीचं मात्र वकिलाला याच आठवड्यात विचारा. ती देशागणिक वेगळी असते. युरोपात नुकसान, दोष आणि उत्पादक कोण हे कळल्यापासून तीन वर्षं, आणि त्यावर वेगळी मर्यादा म्हणजे ती वस्तू बाजारात आल्यापासून दहा वर्षं. जुन्या गाडीच्या बाबतीत ही दुसरी मर्यादा गळ्याशी येते. दादानं गाडी कधी घेतली याला तिथे अर्थ नसतो, कंपनीनं ती पहिल्यांदा कधी विकली ते बघतात. म्हणून कागदपत्रांत पहिल्या नोंदणीची तारीख शोधा. टायरचे ते चार आकडे सापडले की तेही मला कळवा.